मामा थांबायला शिकतात

तालीम अर्ध्यावर थांबवून सरांनी ताल द्यायची छडी खाली ठेवली, तेव्हाच मामांना कळलं की बोलणी आपल्यालाच बसणार आहेत.

“मामा, संपला का तुकडा?”

“हो सर.”

“आमचा अजून दोन मात्रा चालायचाय.”

व्हायोलिनची दुसरी रांग खाली बघून हसली. हौशी लोकांचा वाद्यवृंद, आठवड्यातून एक तालीम, वर्षातून एक मोठा कार्यक्रम. मामा त्यात एकोणीस वर्षं होते आणि एकोणीस वर्षं सगळ्यांच्या आधी पोचत होते. त्यात त्यांचाही पूर्ण दोष नव्हता. दिवसभर टपाल कचेरीत बसून पत्रांवर शिक्के मारायचे. तिथे जो भराभर मारतो तो कामाचा माणूस. तोच हात संध्याकाळी व्हायोलिनचा गज धरायचा आणि समोरचा कागद लवकरात लवकर रिकामा करायचा.

“कार्यक्रमाला सहा आठवडे आहेत,” सर म्हणाले. “यंदा तुम्ही पळालात तर ती खुर्ची मी दुसऱ्या कुणाला देईन. वाईट वाटून घेऊ नका.”

मामांना फार वाईट वाटलं. साऱ्या आठवड्यात ती एकच खुर्ची अशी होती, जिच्यासमोर रांग लावून कुणी उभं राहत नसे.

“दुसरं एखादं वाद्य शिका,” सरांनीच वर उपाय सांगितला. “ज्यात थांबावं लागतं असं. व्हायोलिनही सुधारेल.”

मागून डॉक्टर म्हणाले, “माझ्याकडे या.” डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. वाद्यवृंदात ते मोठा ड्रम वाजवत. अकरा मिनिटांच्या तुकड्यात त्यांचे ठोके एकूण सात. उरलेला वेळ ते काठी हातात घेऊन उभे असत आणि सगळ्यांना वाटे, डॉक्टर आराम करताहेत.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मामा दवाखान्यात जाऊ लागले. ड्रम मागच्या खोलीत, औषधांच्या कपाटाशेजारी होता. पहिला धडा असा की छत्तीस मात्रा गप्प राहायचं आणि मग एक ठोका द्यायचा. मामांनी अकराव्या मात्रेला दिला. बाहेर बाकावर बसलेली एक पेशंटबाई दचकून उठली आणि “उद्या येते” म्हणून निघून गेली.

“मामा,” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “लोक माझ्यापुढे तोंड उघडून वीस वीस मिनिटं बसतात. तुम्हाला नुसती काठी धरून उभं राहवत नाही?”

“मोजता मोजता हात आपोआप खाली येतो हो.”

“मग नुसतं मोजू नका. बाकीचे काय वाजवताहेत ते ऐका.” त्यांनी तालमीचं ध्वनिमुद्रण लावलं.

मामा ऐकू लागले आणि ऐकतच राहिले. हा तुकडा ते पाच वर्षं वाजवत होते, पण त्यात बासरी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि काय गोड होती ती. मामांना भरून आलं, आणि इतके दिवस आपण तिच्या अंगावरून धावत गेलो याची लाजही वाटली.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी दाखवली. ठोका दिला की काठी लगेच उचलायची, नाहीतर चामडं गुदमरतं. मामांनी घरी येऊन गज तसाच हलका धरून पाहिला. व्हायोलिन इतकं मोकळं बोललं की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली.

“कोण आलंय?”

“मीच वाजवतोय.”

थांबणं एकदा अंगात शिरलं ते व्हायोलिनपुरतं थोडंच राहतंय? बायकोनं “दूध आणलंत का?” विचारलं की मामा चार मात्रा थांबून “हो” म्हणायचे. त्या चार मात्रांत तिच्या मनात नाही नाही ते येऊन जायचं.

“काहीतरी लपवताय तुम्ही.”

चार मात्रा. “नाही गं.”

“बघा. परत विचार करून सांगितलंत.”

तिनं बहिणीला फोन केला. बहिणीनं डोक्याचा फोटो काढून घ्यायचा सल्ला दिला. कचेरीत मामांसमोरची रांग दारापर्यंत गेली. साहेब दोनदा येऊन उभे राहिले आणि घड्याळ बघून परत गेले. मामा एकेक शिक्का उचलून, मोकळा सोडून, नीट मारत होते. इतके सुवाच्य शिक्के त्या कचेरीतून पूर्वी कधी गेले नव्हते.

पाचव्या आठवड्यात तालमीला मामांचा तुकडा पहिल्यांदा सगळ्यांबरोबर संपला. सरांचा चेहरा खुलला. मग त्यांनी घड्याळ पाहिलं.

“चौदा मिनिटं? तुकडा अकराचा आहे.”

पुन्हा वाजवला. साडेचौदा. सरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, “माझे सात ठोके आहेत सर. सात ठोक्यांत साडेतीन मिनिटं कुठे लपवू?” तिसऱ्यांदा पंधरा झाली आणि शेवटचा लांब सूर धरताना बासरीवालीचा श्वास मध्येच संपला. ती लाल होऊन खाली बसली.

मग चेलोवाल्या काकूंनी तोंड उघडलं. त्या एरवी तालमीत बोलत नसत.

“सर, राग मानू नका. पण तुमच्याकडे बघतं कोण? आम्ही मामांच्या ठेका धरणाऱ्या बुटाकडे बघतो.”

“बुटाकडे?”

“ते पळायचे ना. मग त्यांना धरून ठेवायला आम्ही सगळे जरा मागे रेलायचो. त्या ओढाताणीत लय बरोबर राहायची. आता ते पळत नाहीत आणि आमचं रेलणं काही सुटत नाही.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सर मामांच्या बुटाकडे बघत राहिले. मामांनी सवयीनं मोजलं, अठरा मात्रा झाल्या.

“मामा,” सर शेवटी म्हणाले, “जरासं पळा ना.”

“आता नाही जमत सर.”

“एकोणीस वर्षं जमत होतं की.”

“तेव्हा काही ऐकू येत नव्हतं.”

“ते मला माहीत नाही. कार्यक्रम शनिवारी आहे. पळाला नाहीत तर खुर्ची गेली म्हणून समजा.”

मामांनी आठवडाभर मनापासून प्रयत्न केला. जिने धावत चढले, जेवण उभ्यानं उरकलं, कचेरीत मिनिटाला साठ शिक्के मारले. साहेब खूश झाले. पण व्हायोलिन हातात घेतलं की कानात बासरी सुरू व्हायची आणि हात तिच्यासाठी थांबायचा.

शनिवारी सभागृह भरलं. तुकडा सुरू झाला आणि तिसऱ्या ओळीपासूनच रेलू लागला. मामांना सगळं ऐकू येत होतं. काकू मागे, पहिली रांग त्यांच्या मागे, आणि बासरीवाली प्रत्येक सुरासाठी जास्त जास्त श्वास घेतेय. शेवटचा लांब सूर तिला पेलणार नव्हता. मदतीसाठी मामांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मान वर करून सरांच्या छडीकडे पाहिलं.

छडी रांगेच्या मागून चालली होती. लोक जसे सावकाश होत होते, तसे सरही सावकाश होत होते.

 मग मामांनी छडीवरची नजर काढली, बासरीला जेवढा श्वास पुरेल तेवढी लय मनात धरली आणि बूट टेकवला. पळाले नाहीत. नुसते ठामपणे, मोकळ्या गजानं, जिथे मात्रा असायला हवी तिथे वाजवत राहिले. डॉक्टरांनी मागून ठोका दिला तो नेमका बुटाबरोबर. काकूंनी बुटाकडे पाहिलं आणि सरळ बसल्या. एकेक करून रांग सावरली, आणि थोड्या वेळानं छडीही. बासरीचा शेवटचा सूर पुरता वाजला आणि वर थोडा श्वास उरला.

टाळ्या बराच वेळ चालल्या. पडद्यामागे सर घाम टिपत आले. सगळे आपापली वाद्यं पेटीत ठेवत होते. मामा व्हायोलिन हातात धरून तसेच उभे होते.

“सर, मी पळालो नाही,” मामा म्हणाले. “खुर्चीचं काय ते सांगून टाका.”

सरांनी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“पुढच्या तालमीपासून ती जरा पुढे ओढून घ्या. मला तुमचा बूट नीट दिसत नाही.”