बीबीकर दीपमालेने लोणारचे चष्मेठाणे सर केले त्याची हकिगत

ज्यांची दृष्टी शाबूत आहे त्यांनी हे वाचावे आणि ज्यांची नाही त्यांस मोठ्याने वाचोन दाखवावे, की बीबी मुक्कामी राजश्री भागवतराव भाजीवाले यांची कन्या दीपमाला बारावीची खिंड लढवोन पार जाहाली, आणि डोळे तपासोन नंबर काढण्याचा हुन्नर, ज्यास ऑप्टोमेट्री म्हणतात, तो शिकावा ऐसे तिने मनी धरिले. मग कॉलेजच्या सरांनी मसलत दिली, की आधी त्या हुन्नरातील मातबरांशी ओळख वाढवावी आणि जवळ बसोन काम पाहावे.

मातबर म्हणावे तर जवळपास एकच, लोणारच्या सुवर्णाबाई ऑप्टोमेट्रिस्ट, स्टँडासमोर ठाणे देऊन होत्या. दीपमालेने प्रथम मेथीच्या जुड्या नजर करोन सलूख मागितला. मेथी आत दाखल जाहाली, दीपमाला बाहेर राहिली. मग ती रोगी बनोन खुर्चीवर आरूढ जाहाली, तो बाईंनी तपासोन फर्मान काढले, की नजर उत्तम, पुन्हा येण्याचे कारण नाही. येणेकरोन पुढील भेटीचा रस्ताच खुंटला आणि त्या उत्तम डोळ्यांस एसटीत पाणी आले.

मग खऱ्या अधू डोळ्यांची कुमक पाहिजे ऐसे ध्यानी येऊन तिने घरातील वडीलधाऱ्या मोठीमाय गीताबाई यांस मोहिमेवर घेतले. या गीताबाई रस्त्यातील मैलाच्या दगडासही 'कवा आले जी' म्हणोन पुसत.

सुवर्णाबाईंनी त्यांचे नाकावर चौकट चढविली आणि काच बदलोन पुसले, ही बरी की ही? गीताबाई हात जोडोन म्हणाल्या, दोन्ही चांगल्या. मग काचेमागोन काच खर्ची पडली आणि जबाब तोच, बाहेर रयत खोळंबली, बाई घामाघूम जाहाल्या, आणि आता हाकलतील ऐसे दीपमालेस वाटले. तिने कानाशी लागोन पुसले, की खरे काऊन सांगत नाही?

"बाई इतका घाम गाळून राह्यली," गीताबाई म्हणाल्या, "तिच्या मालाले मी कसं नाव ठेवू?"

तेव्हा दीपमालेस उजेड पडला. बाईंची परवानगी मागोन ती म्हणाली, "मोठीमाय, हे दोन वांगे समज. किडकं कोनतं?"

"पयलं," गीताबाई तत्काळ वदल्या.

मग वांग्यामागोन वांगे बाद होत गेले आणि नंबर हाती आला. सुवर्णाबाईंनी तो कागदावर उतरविला आणि दीपमालेस हुकूम सुटला, "शनिवारी ये. शटर उघडायच्या आत ये."

येणेप्रमाणे लोणार फत्ते जाहाले. मुलूख काय मिळाला म्हणाल, तर तपासणीच्या खोलीत एक प्लास्टिकचे स्टूल, त्याचा एक पाय आखूड. दीपमालाबाई शनिवारी त्यावर विराजमान होऊन दिवसभर डुलत राहिल्या, परंतु उतरल्या नाहीत. गादी डळमळीत, अंमल कायम. इति.