चंपाषष्ठीची तीन वांगी

हेमलताने बेत आखला होता तो पंचांग समोर ठेवून. त्यामुळे तो फसणं शक्यच नव्हतं!

"चातुर्मासात आपल्या घरात वांग्याला कोण हात लावतं? सांगा पाहू!" तिने नवऱ्याला, खंडोजींना विचारलं.

"कोणी नाही."

"आषाढी एकादशीपासून थेट चंपाषष्ठीपर्यंत?"

"कोणी नाही म्हटलं ना! पण झालंय काय?"

"मग ठरलं! माझं प्रॅक्टिकल वांग्यावर!"

हे वाक्य हेमलताच्या हिशोबाने ओरडून म्हटलेलं होतं. खंडोजींना मात्र ते ऐकायला पुढे वाकावं लागलं. तिचा आवाजच तसा. रिक्षावाल्याला ती कानडीत "स्वल्प निल्लिसी", जरा थांबवा, म्हणायची तोवर रिक्षा दोन चौक पुढे गेलेली असायची!

सतरा वर्षं ती देवनहळ्ळीजवळच्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत बिया मोजत होती. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, किती उगवल्या ते लिहायचं. नवीन वाण तयार करणार दुसरे, मोजणार ही. म्हणजे लग्न लोकांचं आणि हिच्या हातात नुसत्या अक्षता! आता मात्र वाण तयार करणाऱ्या विभागात एक जागा निघणार होती. अट एकच, वनस्पती प्रजननातली एम. एस्सी. देवाला नारळ फोडून, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हेमलताने ऑनलाइन नाव घातलं.

जे. पी. नगर ते देवनहळ्ळी, कंपनीच्या बसने दोन तास. त्या दोन तासांत तिचं कॉलेज भरायचं. कानात इअरफोन, डोळे मिटलेले, मान डोलते आहे. शेजारी बसणाऱ्या रंजिताला राहवलं नाही.

"कुणाचं प्रवचन ऐकताय, अक्का?"

हेमलताला खोटं बोलता येत नसे. "आईबापांचं काय काय पुढच्या पिढीत उतरतं, त्याचं."

"अय्यो, म्हणजे संचितच की! मलाही लिंक पाठवा!"

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग तिसऱ्या सत्राला मैत्रेयी मॅडमनी प्रॅक्टिकल दिलं. घरच्या घरी दोन वाणांचा संकर करायचा, फळ पिकवायचं आणि तोंडी परीक्षेत कॅमेऱ्यासमोर त्याचं बी काढून दाखवायचं. बी नाही तर पास नाही. आणि पास नाही तर वर्ष गेलं, जागाही गेली!

हेमलता तर हरखूनच गेली. गच्चीवर कुंड्या मांडल्या गेल्या. आई म्हणून हिरव्या देठांचं हिरवं वांगं, बाप म्हणून देठापासून फळापर्यंत जांभळंकिट्ट वांगं. दसऱ्याच्या सुमारास कळ्या आल्या. आईच्या दोन कळ्या उमलायच्या आधीच तिने चिमट्याने उघडल्या आणि आतले पुंकेसर अलगद काढून टाकले.

"ही तर नसबंदी झाली की!" खंडोजी म्हणाले.

"अहो, देवाचं नाव घेऊन काम चाललंय. असं बोलू नये!"

दुसऱ्या दिवशी तिने चांगला मुहूर्त बघितला, कळ्यांची क्षमा मागितली आणि जांभळ्या वांग्याचे परागकण ब्रशाने त्यांच्यावर टेकवले. तिसरी कळी तशीच ठेवली, तिचं तिच्याशीच जमू द्यायचं. तुलनेला हवी ना! तिन्ही कळ्यांवर कागदी पिशव्या चढल्या, फळं धरल्यावर मलमलच्या पिशव्या शिवल्या गेल्या आणि खूण म्हणून देठांना लाल लोकरीचे धागे, संकराच्या दोघींना दोन गाठी, तिसरीला एक. तिन्ही फळं वाढू लागली, पिवळी पडू लागली. खंडोजी रोज वर जाऊन "जावईबापूंची तब्येत कशी आहे?" विचारून येत.

परीक्षा चंपाषष्ठीच्या दोन दिवस आधी होती. म्हणजे वांगी खायला सुरुवात व्हायच्या आत वांग्यांचं काम फत्ते! म्हटलं ना, पंचांग समोर होतं!

पण विद्यापीठासमोर पंचांग नव्हतं. एक मेल आला, परीक्षा दोन दिवस पुढे गेली. नेमकी चंपाषष्ठी, सकाळी अकरा!

हेमलता डगमगली नाही. रजा टाकली आणि खंडोजींना बाजारातून दोन किलो भरताची वांगी आणायला लावली. फक्त एक गोष्ट तिच्या हिशोबात नव्हती. आदल्या संध्याकाळी निपाणीहून सासूबाई आल्या!

कौशल्याबाईंचा जन्म शेतात गेलेला. नजर घारीची आणि हात मोकळे राहणं त्यांना ठाऊकच नाही. हेमलता कंपनीतून घरी पोचली तेव्हा त्या जेवून झोपल्याही होत्या. सकाळी सांगू, असं हेमलताने ठरवलं.

आणि सकाळी तिचं मौन होतं!

खंडोबाच्या सहा दिवसांत जपाच्या अकरा माळा होईपर्यंत ती बोलत नसे, हा जुना नेम. त्यात आज परीक्षा. म्हणून तिने एकवीस माळांचा संकल्प सोडला. मध्ये बोललं तर पहिल्यापासून! लिहून सांगितलं तरी ते बोलण्यातच जमा. नियम तिचाच, आणि तिच्याइतका कडक नियम करणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं.

तेरावी माळ चालू होती. गच्चीच्या जिन्यावरून पावलं वाजली. हेमलताने डोळे किलकिले केले. कौशल्याबाई ताट घेऊन उतरत होत्या. ताटात लाल धागे बांधलेली तीन पिवळी वांगी!

हेमलता माळेसकट उठून उभी राहिली.

"काय गुणाची सून गं माझी!" कौशल्याबाई गहिवरून म्हणाल्या. "पहिली फळं देवाच्या नावानं बांधून ठेवलीस! धागा काय, कापड काय! आणि हा खंडू खुळा, देवाला बाजारची वांगी आणून बसलाय!"

हेमलताने दोन्ही हात जोरजोरात हलवले.

"होय होय, आत्ताच भाजायला घेते. उशीर नाही करत!"

हेमलताने तीन बोटं दाखवली. तिन्ही, आत्याबाई, तिन्ही माझ्या परीक्षेची आहेत!

"तीन मिरच्या? बरं, तीन घालते."

"थांब आई, तुला नाही कळायचं," खंडोजी दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आले. "बावीस वर्षं झालीत लग्नाला. मला तिची प्रत्येक खूण कळते!"

हेमलताला हायसं वाटलं. तिने आशेने खंडोजींकडे बघितलं आणि चिमूट करून दाखवली. बी! बारीक बी!

"मीठ चिमूटभरच घाल म्हणते."

हेमलताने लॅपटॉपकडे बोट केलं.

"फोटो काढा म्हणते नैवेद्याचा."

हेमलताने हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बघ, बघ!" कौशल्याबाईंनीही पदर डोळ्यांना लावला. "केवढी भक्ती! आजकाल अशा पोरी राहिल्यात कुठं?" आणि ताट घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या.

आता इलाज एकच, माळा संपवणं! चौदावी, पंधरावी, सोळावी! मणी असे पळायला लागले की देवालाही हिशोब ठेवताना घाम फुटला असेल. आतून विळीचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. सतरावी, अठरावी! विसाव्या माळेत निम्म्यावर आली आणि तो वास आला. खरपूस, ओळखीचा, पाच महिने वाट बघायला लावणारा वास!

तीन महिन्यांची मेहनत, सतरा वर्षांची वाट, सगळं गॅसवर!

"आत्याबाई!! ठेवा ती खाली!!!"

घर हादरलं. बावीस वर्षांत त्या घरात असा आवाज झाला नव्हता. खंडोजींच्या हनुवटीला वस्तरा लागला. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. खालच्या मजल्यावर राहणारी, आज रजेवर असलेली रंजिता पाण्याची बादली घेऊन धावत आली.

"येनाय्तु अक्का? आग लागली काय?"

स्वयंपाकघरात तिन्ही वांगी मधोमध चिरलेली, जाळीवर काळीठिक्कर. हेमलता मटकन खाली बसली. "माझं बी! आत्याबाई, माझं बी जळलं! माझी परीक्षा!"

"बी?" कौशल्याबाईंनी चिमटा खाली ठेवला. "बी कशाला जळेल? देवाच्या वांग्याचं बी कोण जाळतं गं? मी शेतकऱ्याची बायको आहे!"

आणि त्यांनी फडताळातून एक वाटी काढली. स्वच्छ खरवडून काढलेलं, धुतलेलं, गाळलेलं आणि हेमलताच्याच धूपदाणीतली राख चोळून ठेवलेलं बी!

"गावाकडं लावायला घेतलंय. तुला पाहिजे होतं तर तोंडानं सांगायचंस की!"

रंजिताने बादली खाली ठेवली. खंडोजी हनुवटीवर तुरटी फिरवत म्हणाले, "तरी मला वाटलंच होतं, चिमूट म्हणजे बी!"

पण संकट टळलं नव्हतं. तिन्ही वांग्यांचं बी एकाच वाटीत! संकराचं कुठलं, बिनसंकराचं कुठलं, देवालाच ठाऊक!

अकरा वाजता मैत्रेयी मॅडम पडद्यावर आल्या. हेमलताने राखेची वाटी कॅमेऱ्यासमोर धरली.

"आणि फळं?"

"भरीत झालंय, मॅडम."

हेमलताला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून तिने सगळं खरं सांगून टाकलं; माळा, खुणा, वाटी, सगळं.

"म्हणजे बी मिसळलं," मॅडम ओठ चावत म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं की राग, ते पडद्यावर कळेना. "आता संकर झाला हे सिद्ध कसं करणार?"

आणि हेमलता खुलली! उगवून आलेल्या रोपांशीच तर तिने सतरा वर्षं काढली होती! "पेरून, मॅडम! आईचे देठ हिरवे आहेत. तिचं तिच्याशी जमलेलं बी हिरव्या देठाचंच येणार. ज्या रोपाचा देठ जांभळा, त्याच्यात बाप उतरला! दोन आठवड्यांत रोपंच साक्ष देतील!"

मॅडम पुढे सरकून बसल्या. "हे पुस्तकातलं सांगताय?"

"नाही मॅडम, पुस्तकातली वांगी कोणी भाजत नाही."

तोंडी परीक्षेचे पूर्ण गुण तिथेच पडले. बाकीचे रोपं बघून, असं ठरलं. आणि पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेत ओल्या कागदावर शंभरातली चौसष्ट रोपं जांभळे देठ मिरवत उभी राहिली तेव्हा हेमलता एवढ्या आनंदाने ओरडली की शेजारच्या टेबलावरचा माणूस पुढे वाकून म्हणाला, "काही म्हणालात का, मॅडम?"

पण त्या दिवशीच्या जेवणाचं सांगायचं राहिलंच.

नेम मोडला होता. प्रायश्चित्त म्हणून परीक्षा संपताच हेमलताने सूर्यास्तापर्यंत मौन धरलं. येळकोट झाला, तळी भरली, नैवेद्य दाखवला, पानं वाढली. हेमलताने भरिताचा पहिला घास घेतला. पिकून पिवळं झालेलं, बियांपुरतं जपलेलं वांगं ते! कडू जहर!

"कसं झालंय गं?" कौशल्याबाईंनी कौतुकाने विचारलं.

हेमलताने डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"आणखी वाढ म्हणते," खंडोजी म्हणाले.