राहिलेली तीन प्रॅक्टिकल्स

जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमध्ये नवऱ्याची, दत्ताची नोकरी कायम झाली आणि मैथिलीने फार्मसी शिकायचं मनावर घेतलं. साताऱ्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बीएस्सी होऊन तिला अकरा वर्षं झाली होती. विद्यापीठातल्या सल्लागार बाई म्हणाल्या, आधीची पदवी असल्यामुळे पहिल्या सहामाहीच्या प्रयोगशाळेतून सूट मिळू शकेल. फक्त तिथे केलेल्या प्रॅक्टिकल्सचं तासवार पत्र जुन्या कॉलेजकडून हवं.

"आल्झो, म्हणजे एक पत्रच तर आणायचंय," दत्ता म्हणाला.

कॉलेजात आता विभागप्रमुख होते यशवंत जगदाळे सर. मेल पाठवल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, तो जुनी हजेरीवही पुढ्यात घेऊनच.

"दुसऱ्या वर्षाची तीन टायट्रेशन्स तू केलेली नाहीस."

"सर, मामेबहिणीचं लग्न होतं."

"झालं ना ते? मग आता कर. न केलेल्या कामाचे तास मी लिहिणार नाही."

मैथिलीने पुष्कळ विनवलं. शेवटी तिने घरच्या घरी, व्हिडिओ कॉलवर, सरांच्या डोळ्यांदेखत प्रयोग करावेत, इथवर ते आले.

शनिवारी सकाळी ओट्यावर व्हिनेगर, बेकिंग सोडा आणि थेंब मोजून सोडायच्या ब्युरेटऐवजी औषधाच्या दुकानातून आणलेली सिरिंज मांडली गेली. रंग बदलताना कळावा म्हणून मैथिलीने लाल कोबी उकळला. दत्ता मोबाईल धरून उभा राहिला. पहिल्या खेपेला गुलाबी पाणी जांभळ्यावर थांबायचं ते थेट निळं झालं. दुसऱ्या खेपेला सोडा असा फसफसला, की भाड्याच्या घराचा पांढरा ओटा रंगून निघाला. तेवढ्यात कोबीच्या वासाने वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण फ्राऊ बेरेन्स खाली आल्या. दत्ता ओट्याबद्दल माफी मागू लागला, पण त्यांचं लक्ष सिरिंजकडे होतं.

"लांगझाम," त्या मैथिलीला म्हणाल्या.

"काय म्हणतायत त्या?" सरांनी विचारलं.

"सावकाश, म्हणतायत."

"बरोबर सांगतायत. जावईबापू, मोबाईल जरा खाली घ्या."

मग सातारा मराठीतून आणि वरचा मजला जर्मनमधून, दोघे मिळून मैथिलीच्या चुका काढत राहिले. दुपारी दीडला तिसरं टायट्रेशन कसंबसं पार पडलं. सरांनी पत्र पाठवलं, शिक्क्यासह, बंद पाकिटात, थेट विद्यापीठाला.

दोन महिन्यांनी विद्यापीठाचं उत्तर आलं. प्रवेश मिळाला होता. तासही सगळे मान्य झाले होते. इतकं चोख पत्र क्वचितच येतं, असंही त्यात लिहिलं होतं. मात्र पत्राच्या शेवटी विभागप्रमुख जगदाळे यांनी स्वतःहून जोडलेल्या शेऱ्याचा मान राखून प्रयोगशाळेतून सूट नाकारली होती. शेऱ्याची प्रत सोबत होती: 'तास पूर्ण. हात कच्चा. पुन्हा करून घ्यावे.'

दत्ता भडकला. सरांना आत्ताच्या आत्ता फोन लाव म्हणाला. मैथिलीने शेरा दोनदा वाचला, ओट्यावरच्या अजून न निघालेल्या जांभळ्या डागाकडे पाहिलं आणि ऑनलाइन एक पांढरा कोट मागवला.