रिंगणात बूट काढून यावे

बिरुदेव क्लब सोडून गोव्याला गेल्याची बातमी मल्लिनाथनं दुकानात येऊन सांगितली, तेव्हा गुरुशांत शेंगाचटणी तोलत होता. बातमी ऐकली आणि त्याचा हात पारड्यावर तसाच ओतत राहिला. समोरचं गिऱ्हाईक शहाणं होतं, ते गप्प बसलं.

"कवा गेला?"

"पहाटच्या गाडीनं. तिकडच्या मोठ्या क्लबानं बोलवलंय. मला बी गाडीत बसल्यावर फोन केला," मल्लिनाथ म्हणाला. तो नवज्योत फुटबॉल क्लबचा कप्तान.

"काल सांजच्याला हितंच बसून भाकरी खाल्ली की त्यानं! माझ्या म्होरं! एक शब्द बोलला न्हाय?"

बाळीवेशीत गुरुशांतचं कडक भाकरी आणि चटणीचं दुकान होतं. बिरू, मंगळवेढ्याकडचं मेंढपाळाचं पोर, शिकायला म्हणून सोलापुरात आलं, तेव्हापासून त्याची भाकरी या दुकानात ठरलेली. पोर फुटबॉल खेळायला लागलं तसा गुरुशांतही फुटबॉलवेडा झाला आणि बघता बघता चाहत्यांचा म्होरक्या बनला. बिरू गेल्याचं त्याला दुःख होतंच. पण न सांगता गेला, हे काही केल्या गिळवेना. त्या दिवशी तो जेवला नाही.

"होगली बिडरी," बायको शिवलीला म्हणाली. चिडली किंवा माया आली की तिच्या तोंडी कानडी यायचं. "जाऊ द्या. पोरगं मोठं व्हायला गेलंय."

"जाऊ दे की! कोण अडवतंय? सांगून जायला काय झालं होतं?"

संध्याकाळी बंद गिरणीमागच्या मैदानावर चाहते जमले. गिरणीच्या धुराड्याची लांब सावली मैदानाच्या मधोमध पडली होती, बरोबर बिरू उभा राहायचा तिथं. सगळे तिकडंच बघत होते. एकानं बिरू बूट फाटल्यावर अनवाणी कसा खेळला ते सांगितलं. दुसरा म्हणाला, स्वतः कधी गोल मारायचा नाही, पण मारणाऱ्याच्या पायात चेंडू आणून ठेवायचा. तिसऱ्याला तर बिरूनं एकदा पास दिला होता, आणि तो त्या वेळी मैदानाबाहेर चहा पीत होता.

पण सगळ्यांना आठवत होती ती त्याची शिट्टी. दोन बोटं तोंडात घालून बिरू एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या मारायचा. बापाची मेंढरं वळवायची शिट्टी ती. ती ऐकली की नवज्योतचा सगळा संघ एकदम डावीकडं वळायचा, आणि मेंढरांना जमणार नाही इतक्या शिस्तीत वळायचा.

"टीव्हीवर बघितलंय मी," गुरुशांत म्हणाला. "मोठ्या क्लबात आवडता गडी गेला की त्याचा नंबर परत कुणाला देत न्हाईत. आपण बी बिरूचा आठ नंबर बाजूला काढून ठिवू."

"ठिवायचा म्हंजे करायचं काय?" मल्लिनाथनं विचारलं.

ते टीव्हीवर दाखवलं नव्हतं. मग सगळ्यांनी अण्णारावांकडं बघितलं. अण्णाराव गिरणीतले जुने कामगार. फुटबॉलमध्ये दोन्ही बाजू एकाच चेंडूसाठी का भांडतात, हे त्यांना अजून उमगलं नव्हतं. पण बारशापासून तेराव्यापर्यंत कुठलाही विधी अडला की लोक त्यांनाच गाठत.

"नावाजलेल्या माणसाची वस्तू नुसती बाजूला ठिवता येत न्हाय," अण्णाराव गंभीरपणे म्हणाले. "तिला जागा द्यावी लागती."

आणि जागा दिली. गिरणीच्या भंगारातला एक लोखंडी पाइप आणून मैदानाच्या कडेला, मधल्या रेषेशी रोवला. त्यावर आडवी काठी बांधून आठ नंबरचा शर्ट चढवला. गुरुशांतनं स्वतःच्या हातानं शेवंतीचा हार घातला, उदबत्ती लावली. बिरूचं दैवत बिरोबा, म्हणून अण्णारावांनी मैदानाच्या मधल्या रिंगणात नारळ फोडला आणि भरपूर भंडारा उधळला. पिवळं रिंगण संधिप्रकाशात चकाकायला लागलं. बिनडोक्याचा शर्ट हात पसरून उभा होता.

"बेस दिसतंय की," गुरुशांत म्हणाला. पण घरी जाताना त्यानं मागं वळून बघितलं नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात माणसं यायला लागली. चटणी घ्यायला नव्हे. येऊन बाकावर बसायची, उसासा टाकायची.

"लई गुणी पोरगं होतं हो. वय तरी काय!"

"अहो, जिवंत हाय तो!" गुरुशांत ओरडला.

"मग हार कशापायी घातलाय?"

जिता माणूस गावाला गेला म्हणून त्याच्या कपड्याला हार घालतात, हे सोलापुरात याआधी कुणी बघितलं नव्हतं. तो बिचारा समजावून सांगायचा, आणि माणसं त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, "धक्का बसलाय तुमाला. व्हईल हळूहळू सवय." शेवटी खात्री करून द्यावी म्हणून त्यानं सगळ्यांसमोर बिरूला फोन लावला. फोन बंद होता. बाकावरची माणसं एकमेकांकडं बघून उठली.

तिकडं मैदानावर वेगळंच सुरू झालं. भंडाऱ्यावर बूट कसा ठेवायचा, म्हणून सरावाला आलेला एक गडी रिंगणाशी थांबला, बूट काढले, आत जाऊन चेंडू आणला, बाहेर येऊन बूट घातले. दुसऱ्यानं तेच केलं. चार दिवसांत नियमच झाला. कुणीतरी पाटी लावली, 'रिंगणात बूट काढून यावे.' पाटीखाली लिंबं दिसायला लागली.

आणि मग शिट्टी आली.

सराव संपत आला होता. उन्हाची धग उतरली होती, धूळ खाली बसली होती. मैदानाच्या मध्यातून, जिथं कुणीही नव्हतं तिथून, एक लांब शिट्टी वाजली. मग दोन आखूड. सगळा संघ सवयीनं डावीकडं वळला. वळल्यावर प्रत्येकाच्या लक्षात आलं की आपण वळलोय. सगळे तसेच डावीकडं चालत गेले, भिंतीवरून उड्या मारल्या आणि घरी गेले.

पुढचा सामना झाला तो बघण्यासारखा होता. पाहुण्या संघाला पोरांनी आधीच सगळं कानात सांगितलं होतं. त्यामुळं दोन्ही संघ कडेकडेनं खेळले. चेंडू रिंगणात गेला की बावीस माणसं बाहेर उभी राहून एकमेकांना म्हणत, "जा की तू." पंचानं दोनदा शिट्टी फुंकली. तिसरी त्यानं फुंकली नव्हती, पण वाजली. त्यानं तोंडातली शिट्टी काढून तिच्याकडं बघितलं, खिशात घातली आणि सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं. तेव्हा निम्मा वेळही झाला नव्हता.

"तुमीच हे उभं केलंय, तुमीच जाऊन काढा," शिवलीलानं रात्रीच्या जेवणाला बजावलं. "कुणाच्या तरी लेकराला हार घालून बसलाय. त्याच्या आईला कळलं तर काय वाटंल? वंगाळ असतंय हे."

ते गुरुशांतच्या काळजात घुसलं. फोन अजून बंदच होता. पोरगं खरंच धड असेल ना? आपण हार घातला आणि तिकडं काही... त्यानं पुढचा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो एकटाच मैदानावर गेला. वारा पडलेला. कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. तरी शर्टाची एक बाही हळूच वर झाली आणि खाली आली. गुरुशांतनं हाराला हात घातला आणि अगदी कानाशी शिट्टी वाजली. एक लांब, दोन आखूड.

तो गर्रकन वळला. रिंगणात कुणीतरी उभं होतं. अंगावर काळं घोंगडं, डोक्यापर्यंत ओढलेलं.

पळावं असं त्याला फार वाटलं. पण पाय म्हणाले, तू हो पुढं. तो मटकन खाली बसला.

"यप्पा! बिरू, तूच ना रे?"

"व्हय, मामा."

आवाज त्याचाच होता. गुरुशांतला रडू फुटलं. आता मेलेल्यापुढं कसला मान आणि कसला राग!

"मेलास ते बी न सांगता, आन् गेलास ते बी न सांगता! मी तुझा कोण लागत न्हाय, मान्य हाय. पर रोज भाकरीचा पहिला तुकडा तुझ्यासाठी काढून ठिवत होतो रे. अजून बी ठिवतो. एकदा 'मामा, जातो' म्हणला असतास तर काय तुझी गाडी चुकली असती? जा आता. सुखानं जा. माझा राग न्हाय."

सावली रिंगणाच्या कडेशी आली. खाली वाकली. तिनं पायांत बूट चढवले.

"मामा, मी जिवंत हाय."

"सगळी तसंच म्हणत असतील."

"हात लावून बघा की!"

हात गरम होता, घामट होता आणि त्याला मेंढराचा वास येत होता. गुरुशांतनं तो दोन्ही हातांत घट्ट धरला आणि मग त्याच हातावर एक चापट मारली.

"गाढवा! फोन का बंद तुझा?"

"तिकडं गेल्यावर नंबर बदलला. तुमच्या शर्टाचा फोटू फिरत फिरत मंगळवेढ्याला गेला. आमच्या आईनं, म्हाळसाबाईनं, हंबरडा फोडला. मी फोन केला तर म्हणती, आवाज कुणी बी काढंल, तोंड दाखव. म्हणून रजा काढून आलो. तिनंच हे घोंगडं अंगावर घातलं, म्हणली नजर लागलीय. मग म्हणलं, शर्ट डोळ्यानं बघून यावा."

"आन् न सांगता का गेलास?"

बिरूनं घोंगडं डोक्यावरून मागं सारलं. "आमच्या घरात वाडा, म्हंजे मेंढरांचा तळ, हलवताना कुणाचा निरोप घेत न्हाईत, मामा. मेंढरं घिऊन गुमान निघायचं. आज्जा म्हणायचा, निरोप घेतला की परत येणं व्हत न्हाय. ज्या गावाला परत यायचं असतंय, तितं सांगून जायचं नसतंय." त्यानं शर्टाकडं मान वळवली. "आन् तुमी तर मला पुरता निरोप देऊन बसलाय."

गुरुशांतनं पुढं होऊन हार काढला.

बिरूनं पाइप निरखून बघितला आणि हसला. "ही घ्या तुमची शिट्टी. पाइप पोकळ हाय, वर भोक पडलंय. वारं शिरलं की वाजतंय."

"आत्ता वारं कुटं होतं?"

"वरच्या अंगाला असतंय," बिरू म्हणाला. पण त्यानंही एकदा वर बघून घेतलं.

दोघांनी पाइप उपटला. तो शिवलीलानं परसात कपडे वाळत घालायला लावून टाकला. शर्ट धुतला, इस्त्री केला. रविवारी होटगीच्या संघाबरोबर सामना होता. साधाच, गावातला. बिरू म्हणाला, रजा आहे तोवर एक सामना खेळतो, गोव्यात नुसतं बाकावर बसवलंय. गुरुशांतला तर आकाश ठेंगणं झालं. शर्ट घेऊन तो बिरूसह मल्लिनाथकडं गेला.

मल्लिनाथनं बिरूला मिठी मारली, डोळे पुसले आणि शर्ट बघून मागं सरला.

"आठ नंबर न्हाय देता यायचा."

"अरे, त्याचाच हाय की!"

"त्याचाच हाय, म्हणून तर. पोरं ऐकायची न्हाईत. देवाचा झालाय तो."

"मग मला दुसरा दे," बिरू म्हणाला. "अठरा दे."

"नंबराचं सोड. तू खेळणार कुटं? मधीच ना?" मल्लिनाथ अगदी अजिजीनं म्हणाला. "मधी तर आधीच तू हायेस!"

असा तो माणूस स्वतःच्याच जागेवर स्वतःमुळं खेळू शकला नाही. रविवारी बिरू कट्ट्यावर गुरुशांतच्या शेजारी बसला. पायांत चपला, मांडीवर कडक भाकरी, तिच्यावर चटणी. गुरुशांतला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. पोरगं शेजारी बसून कडाकडा भाकरी चावत होतं, याहून जास्त त्याला काही नको होतं.

सामना कडेकडेनं चालला होता. ऊन कलत आलं. धुराड्याची सावली सरकत सरकत रिंगणात पोचली, आणि शिट्टी वाजली.

एक लांब. दोन आखूड.

नवज्योतचा संघ डावीकडं वळला. चेंडू रिंगणात होता. तो, कुणी पाय न लावता, सावकाश घरंगळत डावीकडं आला आणि मल्लिनाथच्या पायाशी थांबला. त्यानं डोळे मिटून लाथ मारली. गोल झाला. कुणी टाळी वाजवली नाही.

गुरुशांतनं हळूहळू मान वळवली. बिरूचं तोंड भाकरीनं गच्च भरलेलं होतं. चावायचं थांबलं होतं.

"बिरू, तू न्हाय ना वाजवलास?"

बिरूनं मान हलवली. नाही.

"पाइप तर परसात हाय आपल्या."

बिरूनं मान हलवली. हो. मग रिंगणाकडं बघत बघत त्यानं पायांतल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

गुरुशांतनंही डोळे मिटून हात जोडले. उघडले तेव्हा शेजारी अर्धी भाकरी होती, चपला होत्या. बिरू नव्हता. लांब वेशीकडच्या रस्त्यावर कुणीतरी अनवाणी पळाल्याची धूळ तेवढी दिसत होती. त्याच संध्याकाळी त्यानं गोव्याची गाडी पकडल्याचं नंतर कळलं.

लोक म्हणाले, बघा, परत न सांगताच गेला. गुरुशांतनं त्या चपला उचलून दुकानात आणल्या, फडक्यानं पुसल्या आणि गल्ल्यामागच्या फळीवर नीट जोडीनं ठेवल्या. त्याचा चेहरा फुलला होता.

"न सांगता गेलाय, शिवलीला. म्हंजे येणार बघ!"

शिवलीलानं एकदा चपलांकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं.

"येऊ दे की. पर हात जोडून सांगते, ह्येंना तेवढा हार घालू नका."