तिसऱ्या मजल्याचे राज्यपाल

सरंजामे काका लोकांचा कचरा वाचत. सकाळी आठच्या आत आम्ही खाली पिशव्या ठेवायला जायचो, तर काका लाल पेन घेऊन आधीच हजर. जपानात कचऱ्याची पिशवी पारदर्शक लागते, त्यामुळे वाचनाची सोयच होती. माझ्या जळाऊ कचऱ्यात एकदा लोणच्याची बाटली सापडली. दहा मिनिटांत पिशवी माझ्या दाराला लटकत होती. वर चिठ्ठी : 'साभार परत. मजकूर दुसऱ्या पानाचा आहे. – संपादक.' मी इतकी चिडले की भाजी करपली.

काका तीस वर्षं सांगलीकडच्या एका दैनिकाचे संपादक होते. दैनिक बंद पडलं, पाठोपाठ काकू गेल्या, तेव्हा मुलाने त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे जपानात, आमच्या ओजिमाला बोलावून घेतलं. त्या वर्षांत कंपन्या पुण्या-मुंबईहून इंजिनियर आणतच होत्या. आमच्या मजल्यावर त्यांचं घर सोडून सहा मराठी घरं झाली होती. मजल्याची व्यवस्था बघायची पाळी नेमकी त्यांच्या मुलाची आली आणि मुलगा तर सदा ऑफिसात. काकांनी कारभार हाती घेतला. माझ्या नवऱ्याने त्यांचं नाव 'राज्यपाल' ठेवलं, ते त्यांच्या कानावर गेलंच.

"राज्यपालाला नुसत्या सह्या करायच्या असतात," ते म्हणाले. "इथे मी सह्या घेतो."

सह्या घेत ते काइरानबानवर. म्हणजे घरोघर फिरणारी सूचनांची पाटी. वाचायची, सही करायची, शेजारच्या दाराला अडकवायची. सूचना जपानीत असत. मुलाकडून अर्थ समजून घेऊन काका त्याला मराठी पान जोडत. पाण्याची टाकी धुणार, एवढीच बातमी असली तरी मथळा असे : 'गुरुवारी नळ कोरडे!' खाली अग्रलेख. गॅलरीत चटया झटकण्यावर तर त्यांनी दोन भाग लिहिले होते.

संध्याकाळचे पाच वाजले की मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. जिन्यापासून लिफ्टपर्यंत येरझारा सुरू होत.

"काका, बसा की जरा. चहा टाकते."

"पान अजून छपाईला लागायचंय, बसतो कुठला!" आणि लगेच उलटतपासणी : "कालचं वाचलंत का?"

मी बेधडक हो म्हणायची. खरं सांगायचं तर आम्ही कोणीच वाचत नव्हतो. पाटी आली की सही ठोकायची आणि पुढे ढकलायची. एकदा त्यांनी मुद्दाम 'मंगळवारी जुने नवरे बाहेर ठेवावेत' असं लिहून पाहिलं. सहाही घरांनी सही केली. हे त्यांनीच मला नंतर हसत हसत सांगितलं. निदान मला तेव्हा ते हसताहेत असं वाटलं.

तीन महिने कधी सरले, आमच्यापैकी कोणी मोजलं नाही. त्या आठवड्यात पाटी शेवटी माझ्याकडे आली. सही करून मी ती चपलांच्या कपाटावर टाकली, ती तिथेच राहिली. शनिवारी परत द्यायला उचलली, तर पानाच्या तळाशी एक चौकट दिसली.

'जाहीर नोटीस. प्रस्तुत संपादक येत्या रविवारी भारतात परत जात आहेत. कोणाची हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे. मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही.'

खाली सहा सह्या. शेवटची माझी.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. तशीच काकांच्या घरी धावत गेले. बॅग भरून तयार होती आणि काका तिच्याभोवती फेऱ्या घालत होते.

"काका, माझी हरकत आहे."

ते थांबले. "मुदत काल संपली."

"वाचलंच आत्ता," मी म्हणाले. आता लबाडी करण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी बॅगेचं कुलूप उघडलं.

"तरी लेखी द्या," म्हणाले. "बरोबर नेतो."