बापूमामांचा दगडी ताड

बापूमामा दगड चाटायचे. लपूनछपून नव्हे, भर रस्त्यात, चार माणसं बघत असताना. बरासा दगड दिसला की उचलायचा, धोतराला पुसायचा, जीभ लावायची आणि डोळ्यांजवळ धरायचा. मग "न्हाई, ह्यो नुसताच दगड" म्हणून टाकून द्यायचा.

नव्वदच्या दशकात मी सेनगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. अंगात क्षार कमी पडले की गाई भिंती चाटतात, हे आमच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. मामा शेळीचं औषध न्यायला आले तेव्हा मी भीतभीतच गुरांची चाटणवीट त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती निरखली, जीभ लावली आणि परत दिली.

"खारट हाय, डाक्टर. पन ठिपके न्हाईत."

मी डॉक्टर नव्हतो, पण ते ऐकायचे नाहीत.

ठिपक्यांचं प्रकरण मला त्यांच्या अंगणात कळलं. पूर्वी एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक दगड शोधत गावात आले होते. पाणी प्यायला मामांच्या दारी थांबले आणि मामी ज्या दगडावर धुणं आपटत होत्या, त्याच्यासमोर उकिडवेच बसले. ओल्या दगडावर बारीक ठिपके दाटीनं उमटले होते. शेजारचा कोरडा तुकडा उचलून त्यांनी जीभ लावली, तर त्यावरही तेच. हे ताडाचं खोड आहे, म्हणाले. इथं लाव्हा वाहायचा त्या काळातलं, माणसाच्या कितीतरी आधीचं. गाळात बुजलं आणि लाकडाच्या जागी कणाकणानं गारगोटी भरत गेली. ठिपके म्हणजे खोडातून पाणी वर नेणारे धागे. आणि ताड वाढत होते, त्याअर्थी इथली हवा तेव्हा उबदार, दमट होती, पाणी भरपूर होतं, कडाक्याची थंडी नव्हती. एवढं सांगून प्राध्यापक गेले. मामा मात्र त्या दिवसापासून कामातून गेले.

मामींनी तेव्हा एवढंच विचारलं, "झाड हाय म्हंता, मंग सावली कुटं हाय?" त्यांची रोजची सकाळ त्या दगडापाशी उन्हात जायची. मामा खो खो हसले, आणि हा विनोद त्यांनी गावभर सांगितला.

पावसानं ओढ दिली, सोयाबीन माना टाकू लागलं की पारावरची मंडळी आभाळाकडे बघायची आणि मामा जमिनीकडे. आपल्या गावात ताडाचं बन होतं, म्हणायचे, "बराबर हाय का न्हाई?" उत्तराला थांबायची त्यांना सवय नव्हती. कुणी वैतागून विचारलं की मग ते पाणी गेलं कुठं, तर खिशातून तुकडा काढून त्याला चाटायला द्यायचे.

पुतण्याची सोयरीक जमवायला पुसेगावला गेले, तेव्हा तर कहर झाला. पाहुण्यांच्या ओसरीवरचा पाटा त्यांना ताडाचा वाटला. बैठकीतून उठून त्यांनी त्याला जीभ लावली. पाट्यावर नुकताच हिरव्या मिरचीचा ठेचा वाटला होता. मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मुलीच्या आजीला वाटलं, पोरगी पसंत पडून म्हातारा गहिवरला. लग्न जमलं. पाटा नुसताच दगड निघाला, याची हळहळ मामांना पुढे कैक महिने होती.

मग मामी गेल्या. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. महिन्याभरात मामांनी धुण्याच्या दगडाभोवती चार मेढी रोवल्या आणि वर तुराट्यांचा मांडव घातला. दगडाला ऊन लागतंय म्हणून गाव हसलं. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

काही वर्षांनी प्राध्यापक परत आले. केस पांढरे, सोबत जीप. कॉलेजात नमुने मांडायचे होते, खाली गावाच्या नावाची पाटी लागणार होती. मामा इतकी वर्षं याचीच वाट बघत होते. गोठ्यात जमवलेल्या ठिपकेवाल्या दगडांचा सगळा ढीग त्यांनी स्वतः जीपमध्ये चढवला. पण प्राध्यापकांची नजर मांडवाखाली होती. तीस वर्षांच्या धुण्यानं तो दगड असा गुळगुळीत झाला होता की तसे ठिपके दुसऱ्या कशावरच दिसत नव्हते. तेवढा एक द्या, म्हणाले. पाटी त्याच्याचखाली लावू.

मामा प्राध्यापकांच्या आणि दगडाच्या मधे येऊन उभे राहिले.

"ह्यो न्हाई, सायेब. तिनं सावली मागितली व्हती, मी हसलो. ती उन्हात धूत राहिली अन् मी दगडं चाटत हिंडलो. मांडव घालाया एक सकाळ लागली, सायेब. येकच."

या वेळी "बराबर हाय का न्हाई" त्यांनी विचारलं नाही. प्राध्यापकांनी तांब्याभर पाणी मागितलं, दगडावर ओतलं, ठिपके डोळे भरून पाहिले आणि दगड पुन्हा न मागता गेले.

जीप गेल्यावर मामांनी बादली आणली आणि आपलं धोतर धुवायला बसले. मांडवात ऐसपैस जागा होती, तरी ते दगडाच्या पलीकडच्या अंगाला, उन्हात बसले होते. सावलीत बसा की, मी म्हणालो.

"ती जागा तिची हाय," ते म्हणाले आणि धोतराला साबण लावू लागले.