वेंकोबरावांचे राजे

वेंकोबराव सरांच्या वर्गात कधीच कुठला राजा मेला नाही. वीस-बावीस वर्षं ते बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आमच्या शाळेत इतिहास शिकवत होते. राज्याभिषेक असा करायचे की शेजारच्या वर्गातली मुलं उठून उभी राहत. लढाईत ते स्वतःच घोडा व्हायचे आणि स्वतःच स्वार. पण राजाने अंथरूण धरलं की सरांचा आवाज खाली यायचा. "आज राहू दे. स्वल्प बरं आहे त्यांना." दुसऱ्या दिवशी सरळ पुढचा राजा गादीवर! आधीच्याचं काय झालं, ते मुलांनी पुस्तकातून समजून घ्यायचं.

मी निपाणीकडचा, शाळेत नवा, इतिहासाचाच मास्तर. सरांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं. घरी मराठी, पण निम्मी कन्नडात बुडवलेली. माझ्याहून एवढे मोठे, तरी मला "अण्णा" म्हणत. शाळेत मराठी बोलायला मी एकटाच असल्याने दिवसभराचं साठलेलं सगळं माझ्यावर ओतत.

अशात वरून फर्मान आलं. इतिहासाच्या शिक्षकांनी आता चित्रं दाखवून शिकवायचं. फिल्मस्ट्रिप म्हणजे चित्रांची पट्टी, प्रोजेक्टर, आठवडाभराचं शिबिर, शेवटी तपासणीस साहेबांसमोर नमुना पाठ. हेडमास्तरांनी सरांना स्वच्छ सांगितलं, "पाठ जमला नाही तर इतिहास दुसऱ्याकडे. तुम्ही सुंदर अक्षराचे तास घ्या."

सरांचा चेहरा पडला. इतिहास काढून घेतला तर या माणसात उरणार काय, असं मलाही वाटलं.

शिबिरात त्यांनी प्रोजेक्टरला नव्या सुनेसारखं जपायला सुरुवात केली. हात लावण्याआधी हात धुवायचे. दिवा तापला की खिशातल्या पंच्याने वारा घालायचे. "दमलाय तो, अण्णा. स्वल्प थांबू." बटण फिरवून एकेक चित्र पुढे न्यायला मात्र छान शिकले. फक्त शेवटचं चित्र आलं की दिवा बंद. त्या पट्टीच्या शेवटी राजा मृत्युशय्येवर होता.

"नमुना पाठात ते दाखवावं लागेल," मी म्हणालो.

"सरी, सरी, बरं. तेव्हाचं तेव्हा."

पाठाच्या दिवशी खिडक्यांवर जमखाने लावून अंधार केला होता. पुढे मुलं, मागे साहेब आणि आम्ही. सरांच्या आधी ज्यांचा पाठ झाला, त्यांनी तीच पट्टी दाखवली होती. संपल्यावर पट्टी मागे फिरवून ठेवायची, हा शिबिराचा पहिला नियम. ते मास्तर नेमका तोच विसरले. सरांनी काही न बघता दिवा लावला, आणि भिंतीवर थेट मृत्युशय्या!

सरांनी एकदा दाराकडे पाहिलं. साहेबांनी घसा खाकरला. गेला यांचा इतिहास, मी मनात म्हटलं.

मग अंधारातून सरांचा आवाज आला, कन्नडात, घोगरा, पण आला. "हे राजे गेले. का गेले?" बटण उलटं फिरलं. लढाईतली जखम. "लढाई का झाली?" पुन्हा मागे. मोडलेला तह. आता मुलंच "का? का?" ओरडायला लागली. राजा तरुण झाला, गादीवर बसला, घोडा शिकला आणि शेवटी आईच्या मांडीवर हातपाय झाडत हसला. मुलांनी टाळ्या पिटल्या.

साहेब उठले. "कारणाकडून परिणामाकडे सगळेच जातात. तुम्ही परिणामाकडून कारणाकडे आलात. नवी पद्धत! मला आवडली." हेडमास्तर तर असे हसत होते की जणू ही युक्ती त्यांचीच.

इतिहास सरांकडेच राहिला. आनंदाने मी त्यांना घरापर्यंत सोडायला निघालो.

"सातवीत होतो मी," ते एकदम म्हणाले. "गुरुजी राजाचं मरण सांगत होते. फार सुंदर सांगायचे. राजाने डोळे मिटले आणि शाळेचा शिपाई दारात आला. तुला घरी बोलावलंय म्हणाला. अप्पा, माझे वडील, गेले होते."

मी चाल मंद केली.

"मला वाटलं, गुरुजी जरा थांबले असते तर अप्पाही थांबले असते. वेडेपणा. पण तो जाईना, अण्णा. आज त्या चित्रासमोर उभा राहिलो, आणि काही झालं नाही. दाराकडे बघत होतो मी. कोणी आलं नाही."

ते हसले. मग म्हणाले, "त्या दिवशी शाळेतून घरी एकटाच गेलो होतो. कोणी सोबत येईना. आज तुम्ही आहात, बरं वाटलं."

त्यांचं घर आलं होतं. मी म्हणालो, "सर, अजून एक फेरी मारू."